गोल्फ आणि माझ्या चपला

गोल्फच्या मैदानावर मी उभ्या आयुष्यात दोनदा गेलो. एकदा फाईल घेऊन आणि एकदा भाच्याने जेवायला बोलावले म्हणून. माझ्या हातात काय आहे हे दोन्ही वेळा कुणी पाहिले नाही. पायांत काय आहे ते मात्र दोन्ही वेळा पाहिले गेले.

पहिली खेप १९७९ सालची. आमच्या कचेरीतले मोठे साहेब शनिवारी दुपारी गोल्फ खेळत. एका निविदेची मुदत सोमवारी सकाळी संपत होती आणि सही राहिली होती. हेडक्लार्कनी कचेरीभर नजर फिरवली आणि ज्याच्याकडे सायकल आहे अशा एकुलत्या एक माणसावर, म्हणजे माझ्यावर, ती स्थिर केली. भर उन्हात चार मैल सायकल हाणत मी क्लबच्या फाटकाशी पोचलो. रखवालदाराने आधी माझ्या तोंडाकडे पाहिले, मग सावकाश खाली पाहिले आणि म्हणाला, "चपला चालत न्हाईत."

"चपला कशा चालतील? मी चालतो," हे उत्तर मला सुचले, पण घरी पोचल्यावर. माझे सगळे विनोद घरी पोचल्यावरच होतात. त्या क्षणी मी "बरं," म्हणालो आणि त्याने बोट दाखवले त्या झाडाखाली जाऊन बसलो.

त्या झाडाखाली कॅडी मंडळी बसत. कॅडी म्हणजे साहेबांच्या काठ्यांची पिशवी खांद्यावर घेऊन मैलोन्‌मैल त्यांच्यामागे चालणारा माणूस. त्यांत एक साठीचे गृहस्थ होते. त्यांना सगळे मामा म्हणत, म्हणून मीही म्हटले. मामांनी मला अर्ध्या तासात खेळ समजावून सांगितला. "मारत्यात सायेब, हुडकतो आमी. झाडीत गेला तर आमचा डोळा चुकला. झेंड्यापाशी पडला तर सायबांचा हात बसला." सोमवारी मैदान सभासदांना बंद असते, तेव्हा कॅडी लोकांना खेळता येते म्हणे. मग त्यांनी झाडाखालची एक वाकडी काठी उचलली, जमिनीवरचा एक खडा हेरला आणि अंगाला कुठेही झटका न देता तो असा उडवला की माझी मान वळेपर्यंत तो दिसेनासा झाला. चहा आला तो इमारतीच्या मागच्या खिडकीतून. पुढच्या दाराने त्यांनाही मज्जाव होता. त्यांच्या तर पायांत बूट होते, साहेबांचे जुने.

साहेब साडेपाचला आले. मामांच्या खांद्यावरच्या पिशवीवरच फाईल टेकवून त्यांनी सही केली. निघताना मामांनी मला विचारले, "तुमी शिकल्यालं मानूस. ह्यो ख्योळ काढला कुनी?"

मी बी. ए. असल्यामुळे तत्काळ म्हणालो, "इंग्रजांनी."

हे उत्तर चूक होते. साधीसुधी चूक नव्हे. ज्या चुकीवरून या खेळातला पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला, नेमकी तीच चूक मी केली होती. पण ते कळायला मला पुढे बरीच वर्षे आणि वाचनालयाची बरीच वर्गणी लागली.

खेळ स्कॉटलंडचा. हॉलंडमधले लोक यावर हरकत घेतात, कारण त्यांच्याकडेही काठीने चेंडू मारण्याचा असाच जुना खेळ होता. आमच्या शेजारचे अण्णा तर याहून जुनी हरकत घेतात. विटीदांडूत जमिनीतल्या खाचेला आपण गल म्हणतो, गोट्यांतही गल असते, तेव्हा 'गल' शब्दावरूनच गोल्फ निघाला आणि तो साहेबाने आपल्याकडून नेला, असे त्यांचे संशोधन आहे. 'फ' कुठून आला, असे मी विचारले तर म्हणाले, "प्रवासात चिकटला असेल."

असो. लेखी पुरावा स्कॉटलंडचा आहे आणि तो बंदी-हुकुमाचा आहे. १४५७ साली तिथल्या पार्लमेंटने फुटबॉल आणि गोल्फ या दोन्ही खेळांना मनाई केली. तरुण पोरे धनुष्यबाणाचा सराव सोडून चेंडूमागे लागली होती, आणि उद्या इंग्रज चालून आला तर त्याला काय चेंडू फेकून मारायचे? १४७१ साली हुकूम पुन्हा निघाला आणि १४९१ साली आणखी एकदा. जो हुकूम तीनदा काढावा लागतो तो किती पाळला जात असेल, हे कचेरीत जन्म काढलेल्या माणसाला सांगायला नको. पुढची मौज तर ऐका. तिसरा हुकूम निघाला तेव्हा गादीवर चौथा जेम्स होता. याच जेम्सने १५०२ साली पर्थ गावात गोल्फच्या काठ्या विकत घेतल्याचा खर्च खजिन्याच्या हिशेबात पडला आहे. आणि घेतल्या कुणाकडून? धनुष्ये बनवणाऱ्या कारागिराकडून!

आता तो सामना. साल १६८२. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याचा धाकटा भाऊ ड्यूक ऑफ यॉर्क त्या वेळी एडिंबरात मुक्कामाला होता. परंपरेने चालत आलेली गोष्ट अशी, की दोन इंग्लिश सरदारांनी त्याच्याशी वाद घातला : गोल्फ हा खेळ आमचा, स्कॉट लोकांनी तो आमच्याकडून उचलला. (म्हणजे अण्णा सगळ्या देशांत असतात.) शेवटी ठरले की ड्यूकने कुणीही एक स्कॉट जोडीदार घ्यावा आणि लीथच्या मैदानावर इंग्लिश जोडीशी खेळून निकाल लावावा. पैज मोठ्या रकमेची होती.

ड्यूकने उत्तम खेळाडूची चौकशी केली. दरबारातल्या एखाद्या उमरावाचे नाव पुढे येईल अशी त्याची अपेक्षा असणार. नाव आले जॉन पॅटरसन. हा धंद्याने मोची होता. लोकांचे जोडे शिवायचे आणि फावल्या वेळात गोल्फ खेळायचा. राजाचा भाऊ आणि मोची असे दोघे एका बाजूने उतरले आणि जिंकले. पैजेची निम्मी रक्कम ड्यूकने पॅटरसनला दिली. त्या पैशातून त्याने एडिंबराच्या कॅननगेट या सरदारी रस्त्यावर घर बांधले आणि घरावर 'लांब आणि अचूक' अशा अर्थाचे ब्रीद कोरून घेतले. राष्ट्राराष्ट्रांतल्या गोल्फ सामन्यांची वंशावळ मांडताना इतिहासकार या सामन्याचे नाव सगळ्यांत वर घालतात. त्या दिवशी ड्यूकच्या काठ्या उचलायला अँड्र्यू डिक्सन नावाचा एक मुलगा होता, त्याचेही नाव इतिहासात राहिले आहे. पुढे तो स्वतः काठ्या बनवू लागला. इंग्लिश सरदारांची नावे मात्र मला कुठे भेटली नाहीत.

मला हे ठाऊक असते तर मी मामांना सांगू शकलो असतो. मी म्हणालो, "इंग्रजांनी."

एवढा झोकात आरंभ झाला, पण पुढची पावणेदोनशे वर्षे सरदार-वकील-डॉक्टर मंडळींनी आपले क्लब काढून आपसांतच खेळ चालवला. १७४४ साली लीथच्या मंडळींना एडिंबरा शहराने चांदीची काठी बक्षीस ठेवली. स्पर्धा म्हटल्यावर नियम हवेत, म्हणून त्यांनी तेरा नियम लिहून काढले. पहिली काठी जॉन रॅट्रे या शल्यवैद्याने जिंकली. दोन वर्षांनी बंडात राजपुत्र चार्लीच्या बाजूने गेल्यामुळे हा डॉक्टर कलोडनच्या लढाईत पकडला गेला. मुख्य न्यायाधीश त्याच्याच क्लबातला गोल्फचा गडी होता. त्याने शब्द टाकला आणि डॉक्टरची मान वाचली. ओळखीचा उपयोग सर्व काळी सर्व देशी होतो.

खेळ क्लबात कोंडून राहण्याचे खरे कारण मात्र चेंडू होता. कातड्याच्या पिशवीत टोपीभर पिसे उकळून ठासायची आणि ती शिवायची. कसबी कारागिराचे दिवसाला तीन-चार चेंडू होत, त्यामुळे किंमत अशी की गरिबाचा हात लागू नये. पाऊस लागला की चेंडू फुगायचा आणि फटका वेडावाकडा बसला की उलायचा. १८४८च्या सुमारास मलायातल्या झाडाच्या चिकाचा, गटापर्चाचा, चेंडू आला. तो स्वस्त होता आणि बिघडला तर गरम पाण्यात घालून पुन्हा वळता यायचा. सेंट अँड्र्यूजचा नामांकित खेळाडू अ‍ॅलन रॉबर्टसन पिसांचे चेंडू विकून पोट भरत असे. आपला मदतनीस टॉम मॉरिस नव्या चेंडूने खेळताना दिसला तेव्हा दोघांचे असे वाजले की टॉमने त्याची संगत सोडली आणि पुढे प्रेस्टविक गावी मैदान राखायची नोकरी धरली. एका चेंडूवरून दुकान फुटले आणि जगातली पहिली खुली स्पर्धा जन्माला आली ती त्याच प्रेस्टविकला.

१८५९ साली रॉबर्टसन वारला. आता सर्वांत मोठा खेळाडू कोण, हे ठरवायला १७ ऑक्टोबर १८६० या दिवशी आठ जण जमले. सगळे पोटासाठी खेळणारे. कुणी कॅडी, कुणी काठ्या करणारा, कुणी गवत राखणारा. बारा खळग्यांच्या मैदानाला एका दिवसात तीन फेऱ्या मारायच्या होत्या. विली पार्क १७४ फटक्यांत जिंकला आणि टॉम मॉरिस १७६ वर दुसरा आला. बक्षीस म्हणजे लाल चामड्याचा, चांदीच्या बकलाचा पट्टा. तोही वर्षभर सांभाळून परत करायचा आणि रोख काही नाही. आमच्या कचेरीत फिरता चषक होता, तेव्हा या आनंदाची मला कल्पना आहे. पुढच्या वर्षी आयोजकांनी जाहीर केले की स्पर्धा आता साऱ्या जगाला खुली. जगाने याची दखल घ्यायला आणखी तीस वर्षे लावली. १८९० साली इंग्लंडच्या जॉन बॉलने स्पर्धा जिंकली तोवर एकही विजेता स्कॉटलंडबाहेरचा नव्हता.

मधल्या काळात टॉम मॉरिसच्या पोराने, धाकट्या टॉमने, १८६८, १८६९ आणि १८७० अशी तीन वर्षे ओळीने जिंकून तो पट्टा कायमचा घरी नेला. बक्षीसच उरले नाही म्हणून १८७१ साली स्पर्धा झाली नाही! १८७२ साली नवे बक्षीस ठरले आणि तेही यानेच जिंकले. सप्टेंबर १८७५ मध्ये तो बापाबरोबर नॉर्थ बर्विकला सामना खेळत होता. सामना संपत असताना तार आली : बायको अडली आहे. एका गृहस्थाने आपली शिडाची नौका दिली. बापलेक खाडी ओलांडून रातोरात घरी निघाले आणि पोचले तेव्हा बायको आणि मूल दोन्ही गेलेली होती. त्याच नाताळच्या सकाळी धाकटा टॉम अंथरुणात मृत सापडला. वय चोवीस. थोरला टॉम त्यानंतर बत्तीस वर्षे जगला आणि म्हातारपणीही मैदानावर येत राहिला.

एव्हाना साहेब जिथे जिथे गेला तिथे त्याने खळगे खणले होते. ब्रिटिश बेटांबाहेरचा सर्वांत जुना क्लब कलकत्त्याचा, १८२९ सालचा. मुंबईला १८४२ साली क्लब निघाला. फ्रान्समध्ये पो या गावी १८५६ साली. म्हणजे युरोपच्या भूमीवर गोल्फ पोचण्याआधी तो बोरीबंदरच्या आसपास येऊन गेला होता. अण्णांना हे सांगितल्यापासून पश्चात्ताप होतो आहे.

अमेरिकेने १८९५ साली न्यूपोर्टला आपली पहिली खुली स्पर्धा भरवली. ती सप्टेंबरात व्हायची होती, पण नौकांच्या शर्यतीशी गाठ पडली म्हणून ऑक्टोबरात ढकलली. अकरा जण खेळले आणि जिंकला इंग्लंडहून आलेला एकवीस वर्षांचा होरेस रॉलिन्स. खरी परीक्षा दुसऱ्या वर्षी शिनेकॉक हिल्सला झाली. दोन स्थानिक कॅडींनी नावे दिली. सोळा वर्षांचा जॉन शिपेन कृष्णवर्णीय होता आणि ऑस्कर बन त्या मैदानाची जमीन मुळात ज्यांची, त्या शिनेकॉक जमातीचा. हे खेळणार असतील तर आम्ही खेळत नाही, असे इतर खेळाडूंनी कळवले. संघटनेचे अध्यक्ष होते थिओडोर हॅवमायर. हे गृहस्थ धंद्याने साखरसम्राट. साखरसम्राट म्हटल्यावर आपल्या मनात काय काय येते ते क्षणभर बाजूला ठेवा. त्यांनी सांगितले म्हणे, की हे दोघेच खेळायला उरले तरी स्पर्धा होईल. झाले, सगळे निमूटपणे खेळले. शिपेन पहिल्या फेरीनंतर अगदी वरच्या मंडळींत होता. दुसऱ्या फेरीत तेराव्या खळग्याला चेंडू रेतीच्या रस्त्यात रुतला आणि एकट्या त्या खळग्याला पोराला अकरा फटके लागले. तरी तो पहिल्या दहांत राहिला. मामांचा खडा उडाला तेव्हाचा त्यांचा चेहरा मला हे वाचताना आठवला.

१९०० सालच्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये गोल्फ होता. त्या ऑलिंपिकचा कारभार इतका अघळपघळ की खेळणाऱ्यांनाच आपण ऑलिंपिकमध्ये आहोत हे कळले नव्हते. बायकांची स्पर्धा नऊ खळग्यांची होती. चित्रकला शिकायला पॅरिसला आलेली मार्गरेट अ‍ॅबट ही अमेरिकन मुलगी सहज म्हणून खेळली आणि ४७ फटक्यांत जिंकली. तिच्या आईनेही त्याच स्पर्धेत हात धुऊन घेतला. अमेरिकेची ही पहिली महिला ऑलिंपिक विजेती, आणि तिचा जन्म कलकत्त्याचा, १८७८ सालचा! ती १९५५ साली वारली, आणि आपण ऑलिंपिक जिंकलो होतो हे तिला मरेपर्यंत ठाऊक नव्हते. पुढे एका प्राध्यापक बाईंनी शोध लावून ते तिच्या मुलाला सांगितले. १९०४ साली सेंट लुईसला कॅनडाचा शेहेचाळीस वर्षांचा जॉर्ज लायन जिंकला आणि बक्षीस घ्यायला हातांवर चालत गेला. त्यानंतर ऑलिंपिकमधून गोल्फ जो गेला तो एकदम २०१६ साली रिओला परतला.

१९०७ साली ब्रिटिश स्पर्धा पहिल्यांदा बाहेरच्या माणसाने जिंकली. हा आर्नो मास्सी, फ्रान्सच्या बियारित्झ गावचा. सार्डिन मासे धरणाऱ्या नावेवर काम करायचा आणि तिथे आलेल्या इंग्रजांच्या पिशव्या उचलायचा. मैदानाचे नाव होते हॉयलेक. त्याच सुमारास झालेल्या मुलीच्या नावात त्याने 'हॉयलेक' घातले. आपल्याकडे हे धाडस कुणी वानखेडेच्या बाबतीत करणार नाही.

आणि मग १९१३. बॉस्टनजवळच्या ब्रुकलाइनला अमेरिकन खुल्या स्पर्धेत इंग्रजांचे दोन बलाढ्य वीर उतरले, हॅरी वॉर्डन आणि टेड रे. त्यांच्या बरोबरीला आला वीस वर्षांचा फ्रान्सिस विमेट. मैदानासमोरच्या रस्त्यापलीकडे त्याचे घर. लहानपणी तिथेच कॅडी होता आणि आता खेळाच्या सामानाच्या दुकानात नोकर. बाप माळीकाम करायचा. गंमत म्हणजे वॉर्डनचा बापही माळीच. विमेटची पिशवी उचलायला दहा वर्षांचा एडी लोरी शाळा बुडवून आला होता. पिशवी जवळजवळ त्याच्याएवढीच. तिघांची बरोबरी झाली. फेरलढतीला एडीऐवजी मोठा माणूस घे, असे विमेटला सुचवले गेले, पण तो पोरालाच घेऊन उतरला. निकाल : विमेट ७२, वॉर्डन ७७, रे ७८. त्यांचे फोटो पाहा. एका काडीपैलवानाशेजारी पांढरी टोपी घातलेले चिमुरडे चालले आहे आणि मागे हजारोंची गर्दी.

म्हणजे पॅटरसनपासून विमेटपर्यंत नाव राखले कुणी? मोच्याने, कॅडीने, कोळ्याने, माळ्याच्या पोराने. आणि क्लबाच्या पुढच्या दाराने आत जायची परवानगी? ती नव्हती. पैसे घेऊन खेळणाऱ्याने कपडे बाहेर बदलायचे, जेवायचेही बाहेर. १९२० साली इंग्लंडात डील येथे वॉल्टर हेगन या अमेरिकन खेळाडूला असेच अडवले. हा कॅडीपासून वर आलेला, पण माझ्यासारखा 'बरं' म्हणणारा नव्हता. त्याने एक भलीमोठी मोटार भाड्याने घेतली, ती क्लबाच्या दारासमोर उभी केली आणि रोज तिच्यात कपडे बदलले. (खेळला मात्र वाईट.) त्याच वर्षी ओहायोतल्या इन्व्हर्नेस क्लबने अमेरिकन स्पर्धेच्या वेळी खेळाडूंना दार उघडले, तेव्हा खेळाडूंनी वर्गणी काढून क्लबला उंच लाकडी घड्याळ भेट दिले. १९२२ साली हेगन ब्रिटिश स्पर्धा जिंकला. १९२३ साली ट्रूनला तो एका फटक्याने दुसरा आला, आणि बक्षीस समारंभासाठी प्रथमच आत बोलावणे आले. त्याने आभार मानले, नकार दिला आणि जमलेल्या लोकांना घेऊन तो जवळच्या गुत्त्यात गेला. १९२७ साली अमेरिका आणि ब्रिटन यांच्यातला रायडर चषक सुरू झाला. देणारे सॅम्युअल रायडर हे पेनीला एक पुडी या भावाने बियाणे विकून श्रीमंत झालेले. चषकावर जो खेळाडू कोरला आहे तो त्यांना गोल्फ शिकवणारा एब मिचेल.

आपल्याकडे १९९१ साली भारतीय खुली स्पर्धा पहिल्यांदाच एका भारतीय व्यावसायिकाने जिंकली. अली शेर. दिल्लीच्या मैदानावरचा कॅडी. ती बातमी मी कात्री लावून जपून ठेवली, पण मामांना नेऊन दाखवायची राहून गेली. कचेरी, संसार, सायकल पंक्चर.

दुसरी खेप निवृत्तीनंतरची. भाचा त्याच क्लबचा सभासद झाला होता. "मामा, बूट घालून या बरं का," असे त्याने फोनवर तीनदा बजावले. सौभाग्यवतींनी नवे बूट आणवले. रखवालदाराने खाली पाहिले आणि सलाम केला. भाच्याला म्हटले, तू हो पुढे, मी आलोच. आणि झाडाकडे गेलो. झाड होते. खाली सगळी नवी पोरे. मामांची चौकशी केली तेव्हा एक जण म्हणाला, "त्यांना जाऊन लई वर्सं झाली, काका."

काय करावे कळेना. उभ्याउभ्याच त्या पोरांना पॅटरसनची गोष्ट सांगितली. एकाने विचारले, "पैसे किती मिळाले त्याला?"

"घर बांधण्याइतके."

"कुठं, गावाकडं?"

"छे! भर राजधानीत. सरदारांच्या रस्त्यावर."

पोरगा काहीतरी हिशेब करू लागला, तेवढ्यात त्याला हाक आली आणि तो पिशवी उचलून पळाला. दुसऱ्याने मला बसायला सांगितले. बूट चावत होते, ते काढून ठेवले. मागच्या खिडकीतून चहा आला. लांबून भाचा हात हलवून बोलावत होता. त्याला मी खुणेने सांगितले, आलो, एवढा संपवतो.